दुकानाचे दार आणि धर्माचे कारण

प्रास्ताविक

आपला व्यवसाय चालविणाऱ्या खाजगी व्यक्तीस, ‘तुमचा धर्म वेगळा आहे’ किंवा ‘माझ्या धर्माला हे मान्य नाही’ असे सांगून दारी आलेल्या ग्राहकास परत पाठविता येते काय? हा प्रश्न वरवर व्यापाराचा दिसतो. परंतु त्याचा विचार करू लागले की मालमत्तेचा हक्क, धर्मस्वातंत्र्य आणि मानवी प्रतिष्ठा ही तिन्ही मूल्ये त्यात गुंतलेली आढळतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भारतीय संविधानाच्या आधारे आणि आवश्यक तेथे परदेशातील निवाड्यांच्या साहाय्याने अभ्यास करावयाचा आहे.

स्मरणिकेसाठी हा विषय घेण्यास एक कारण आहे. आपल्या मागच्या पिढ्या या प्रश्नाच्या एकाच बाजूस उभ्या होत्या. नकार देणारा दुसरा होता व नकार घेणारे आपण होतो. आज शिक्षणामुळे चित्र बदलले आहे. वसतिगृहात राहून शिकलेली मुले आता औषधाचे दुकान, मंगल कार्यालय, छापखाना, खाणावळ, दवाखाना, वकिलीचे कार्यालय चालवीत आहेत. आपण गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आहोत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आता केवळ हक्क म्हणून नव्हे, तर बंधन म्हणूनही समजून घेतले पाहिजे.

१. पैसा असूनही न मिळणारी सेवा

ग्राहकास नकार देणे म्हणजे काय, याचे अत्यंत नेमके वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत केले आहे. त्यांतील तीन प्रसंग या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला साताऱ्याचा. गावात केस कापणारे होते, घरी मजुरी देण्याची ऐपतही होती. तरीही या मुलांच्या डोक्याला हात लावण्यास कोणी तयार नसल्याने त्यांचे केस थोरली बहीण कापीत असे. दुसरा १९०१ सालचा, मसूर स्थानकावरचा. वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावास निघालेल्या मुलांची जात कळताच गाडीवानांनी त्यांना नेण्याचे नाकारले. अखेर एक गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर आणि मुलांनी स्वतः गाडी हाकावी, आपण बाजूने चालू, या अटीवर. तिसरा बडोद्याचा. परदेशात उच्च शिक्षण घेऊन संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यास आलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळेना. केवळ पारशी धर्मीयांसाठी असलेल्या एका सरायीत त्यांनी पारशी नाव लावून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव दारी आला आणि त्यांना सराय सोडावी लागली. पुढे एका हिंदू व एका ख्रिस्ती परिचितानेही त्यांना घरी ठेवून घेण्याचे टाळले.

या तीन प्रसंगांतून तीन निष्कर्ष निघतात. नकाराचे कारण पैशाचा अभाव हे नव्हते; म्हणजे बाजाराचा सामान्य नियम येथे लागू पडला नाही. सेवा मिळालीच तर ती इतरांसारख्या अटींवर मिळाली नाही. आणि बडोद्याच्या सरायीची देखरेख करणाऱ्यास या पाहुण्याचे पैसे चालत होते. नकार आला तो धर्मबांधवांच्या जमावाकडून. ‘मालकाचे स्वातंत्र्य’ म्हणून ज्याचे समर्थन केले जाते, ते पुष्कळदा मालकावरील समाजाचे दडपण असते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी. तेथे दारावरचा नियम धर्माचा होता आणि ज्याला तो सोसावा लागला त्याचे दुःख जातीचे होते. आपल्या देशात ही दोन कारणे अशी एकमेकांत मिसळलेली असतात.

२. बोले ठरावापासून कलम १५ पर्यंत

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघून अस्पृश्यांचा हक्क मान्य होण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. जे तळे नगरपालिकेचे होते, त्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे लागली. मग खाजगी मालकीच्या हॉटेलातील चहाच्या पेल्याची काय कथा! बोले ठराव तेथवर पोहोचतच नव्हता.

ही उणीव संविधानाने भरून काढली. मूलभूत हक्क हे सामान्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. परंतु कलम १५ चा दुसरा खंड याला अपवाद आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या किंवा यांपैकी कोणत्याही कारणावरून कोणत्याही नागरिकावर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश करण्याबाबत कोणतीही निःसमर्थता, दायित्व, निर्बंध वा अट लादली जाणार नाही, असे तो सांगतो. त्याच खंडाच्या दुसऱ्या भागात, सर्वस्वी वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक ठिकाणे येतात. म्हणजे बोले ठरावाचा विषय दुसऱ्या भागात आला आणि खाजगी दुकान पहिल्या भागात आले. या खंडात नकार देणारा सरकारच असला पाहिजे अशी अट नाही. तो किराणा दुकानदारही असू शकतो. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तेही असेच व्यक्तीवर बंधनकारक आहे.

३. ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न उपस्थित झाला. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर या विषयाचा पाया आहे. हा शब्द आपण व्यापक अर्थाने योजला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. आत पाऊल ठेवण्याची मुभा एवढाच त्याचा अर्थ नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मागता आली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो या शब्दाच्या कक्षेत येतो.

या स्पष्टीकरणाचे महत्त्व असे की, दार उघडे ठेवून सेवा नाकारण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. सलूनमध्ये बसू द्यावयाचे, परंतु खुर्चीवर घ्यावयाचे नाही. चहा द्यावयाचा, परंतु वेगळ्या कपात. दळण घ्यावयाचे, परंतु सर्वांच्या शेवटी. हे सारे ‘अट’ या एका शब्दात सापडते. पुढे २०११ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन ‘दुकाने’ या शब्दाचा अर्थ विस्तृत केला आणि खाजगी शिक्षणसंस्थांनाही कलम १५ च्या दुसऱ्या खंडाचे बंधन लागू असल्याचे सांगितले.

४. धर्मस्वातंत्र्याचा दावा

आता प्रतिपक्षाची बाजू न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. दुकानदार म्हणेल : जागा माझी, भांडवल माझे, श्रम माझे. व्यवहार हा दोघांच्या संमतीने होतो. ग्राहकाला दुसऱ्या दुकानी जाण्याची मोकळीक असते, तशी मला ग्राहक निवडण्याची का नसावी? शिवाय माझी श्रद्धा मंदिराच्या, मशिदीच्या वा विहाराच्या उंबरठ्याशी संपत नाही; ती मी दुकानातही सोबत नेतो.

हा युक्तिवाद पोकळ नाही. श्रद्धा ही घरापुरती ठेवण्याची वस्तू नव्हे, हे आपणही मानतो. तथापि त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर संविधानाच्या रचनेतच आहे. कलम २५ ने प्रत्येकास सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले. परंतु ते देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्यासह मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींच्या अधीन राहूनच दिले आहे. समतेचे कलम १५ त्याच भागातले आहे. अर्थात, धर्माचरणाचा हक्क आणि ग्राहकाचा समतेचा हक्क समोरासमोर आले, तर कोणी मागे सरावयाचे, याचा निर्णय संविधानकारांनी करून ठेवला आहे.

दुसरे उत्तर व्यवसायाच्या स्वरूपात आहे. ज्याने पाटी लावून सर्वांना बोलाविले, त्याने आपली जागा स्वतःहून लोकव्यवहारात आणली. घरी कोणाला जेवावयास बोलवावे हा प्रत्येकाचा प्रश्न आहे; खाणावळीत कोणाला वाढावे हा नाही.

तिसरे उत्तर परिणामांचे आहे. ‘दुसऱ्या दुकानी जा’ हे शहरात बोलणे सोपे आहे. ज्या गावात पिठाची गिरणी एक, किराणा दुकान एक आणि वाहन एक, तेथे एकाचा नकार हा साऱ्या गावाचा नकार होतो. पर्याय उपलब्ध असतानाही अपमान शिल्लक राहतोच. मसूरच्या त्या मुलांना गाडी अखेर मिळाली होती. म्हणून अन्याय झाला नाही, असे कोण म्हणेल?

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तेथील हॉटेले, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांत वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. दक्षिण कॅरोलिना राज्यातील ‘पिगी पार्क’ या उपाहारगृहांच्या मालकाने आपल्या धर्मश्रद्धेचा दाखला देऊन कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसमवेत बसवून वाढण्याचे नाकारले. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव उघडउघड तकलादू ठरविला. धर्माच्या नावाने वर्णभेदाचे समर्थन झाले, ते केवळ आपल्याकडेच नव्हे, हेही यावरून कळते.

५. माणूस नाकारणे आणि वस्तू नाकारणे

मग व्यावसायिकास आपल्या श्रद्धेनुसार काहीच नाकारता येत नाही काय? येते; आणि येथेच या अभ्यासाचा मध्यवर्ती भेद आहे. काय विकावे हे दुकानदाराने ठरवावे. कोणाला विकावे हे त्याने धर्म वा जात पाहून ठरवू नये.

हा भेद बौद्धांना अपरिचित नाही. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात भगवंतांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सम्यक आजीविकेची ही मर्यादा वस्तूंवर आहे, ग्राहकांवर नाही. अमुक कुळाच्या वा अमुक पंथाच्या माणसाला विकू नये, असा सहावा निषेध त्या यादीत नाही. म्हणून बौद्ध हॉटेलमालकाने मद्य ठेवले नाही, तर ते त्याचे स्वातंत्र्य. कारण ते तो कोणालाच देत नाही. जैन भोजनालयात कांदा-लसूण मिळत नाही, मुस्लिम खाटकाकडे डुकराचे मांस मिळत नाही. यात कोणावरही अन्याय नाही. परंतु शाकाहारी भोजनालयाने ‘तुम्ही घरी मांस खाणाऱ्यांपैकी आहात’ म्हणून कोणाला पंगतीतून उठविले, तर तेथे नाकारली जाते ती वस्तू नव्हे, माणूस नाकारला जातो.

यापुढची पायरी अधिक अवघड आहे; ती म्हणजे मजकूर. छापखान्याच्या बौद्ध मालकाकडे कोणी बुद्धांची निंदा करणारे पत्रक छापावयास आणले, तर? उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे असा वाद उभा राहिला. तेथील एका ख्रिस्ती बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहिण्याचे नाकारले. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निर्णय दिला. आक्षेप ग्राहकाला नव्हता, संदेशाला होता. तोच संदेश कोणीही मागितला असता तरी नकारच मिळाला असता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘मास्टरपीस केकशॉप’ प्रकरणातही केकविक्रेता जिंकला. परंतु कोलोरॅडो राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माविषयी पूर्वग्रह दाखविला, एवढ्या मर्यादित कारणावर. त्या निकालातून दुकानदारांना सरसकट मुभा मिळाली नाही. मात्र २०२३ साली ‘३०३ क्रिएटिव्ह’ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःची अभिव्यक्ती असलेले काम करण्याची सक्ती करता येणार नाही, असा सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. म्हणजे माणूस आणि मजकूर यांतील रेषा कोठे ओढावी, हा वाद जगात अद्याप चालू आहे.

आपल्या छापखानेवाल्याने निंदेचे पत्रक नाकारावे. तो त्याचा विवेक होय. परंतु त्याच गृहस्थाने स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापावयास आणली, तर ती छापून द्यावी.

हा भेद व्यवहारात पडताळण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हीच वस्तू वा सेवा आपण दुसऱ्या ग्राहकास देतो काय? याला नाकारण्याचे कारण त्याची वर्तणूक वा मागणी आहे, की त्याचा जन्म व धर्म? आणि आपण देत असलेल्या अटी सर्वांना सारख्याच आहेत काय? दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यास, उधारी न फेडणाऱ्यास, दुकान बंद झाल्यावर आलेल्यास नकार देता येतो. हे नियम सर्वांना सारखे असतात. तसेच धार्मिक विधी म्हणजे दुकानदारी नव्हे. भिक्खूंनी कोणता विधी करावा, पुरोहिताने वा पाद्र्याने कोणाचा विवाह लावावा, हा त्या त्या धर्माचा अंतर्गत विषय आहे. मात्र त्याच विवाहासाठी मंगल कार्यालय भाड्याने देणारा, मंडप घालणारा, बँड वाजविणारा हे व्यावसायिक आहेत.

६. कायद्याचे बळ आणि त्याची उणीव

संविधानाने हक्क दिला. त्याच्या अंमलासाठी १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून, नेहमीच्या व्यवहारात इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी व ज्या अटींवर माल वा सेवा दिली जाते त्याप्रमाणे ती देण्याचे नाकारणे, हा त्याच्या कलम ६ नुसार अपराध आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर हे कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. दोषी व्यावसायिकाचा परवाना रद्द वा निलंबित करण्याचाही अधिकार न्यायालयास आहे. बौद्धांच्या दृष्टीने १९९० ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या व २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या सुधारणेने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस दुकान, रुग्णालय, शिक्षणसंस्था यांत जाण्यास अडविणे, तसेच सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे यांचा अपराधांत स्पष्ट समावेश केला.

परंतु उणीवही सांगितली पाहिजे. हे दोन्ही कायदे अस्पृश्यता आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्याभोवती रचलेले आहेत. ज्या नकारात केवळ धर्म हेच कारण आहे, तो कलम १५ चा भंग ठरतो. मात्र त्यासाठी खाजगी व्यवसायास लागू होणारा, सोपी दाद देणारा सर्वंकष भेदभावविरोधी कायदा देशात नाही. अशा ग्राहकास उच्च न्यायालयाचा खर्चिक मार्ग धरावा लागतो. दुसरी उणीव घराची. दुकानाच्या दारावर जो नियम चालतो, तो भाड्याच्या खोलीच्या दारावर तितक्या स्पष्टपणे चालत नाही. २००५ साली अहमदाबादेतील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व केवळ पारशी समाजापुरते ठेवण्याचा तिचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला. शिक्षण वा नोकरीसाठी शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना आडनाव विचारले जाते, तेव्हा बडोद्याच्या सरायीचे दार पूर्णपणे उघडलेले नाही, हे कळते. तिसरी उणीव पुराव्याची. आज नकार देणारा खरे कारण क्वचितच सांगतो. ‘जागा भरली’, ‘माल संपला’ एवढेच म्हणतो. कलमातील ‘केवळ’ या शब्दाचा लाभ त्याला मिळू नये, म्हणून ग्राहकाने सावध असले पाहिजे.

७. आपले कर्तव्य

नकार मिळालाच तर वाद न वाढविता कारण विचारावे; दिनांक, वेळ, ठिकाण आणि बोललेले शब्द तत्काळ लिहून ठेवावेत; पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या ग्राहकास तीच सेवा मिळाली काय, हे पाहावे व साक्षीदार जोडावा. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींस, स्त्रियांस व बालकांस विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. पालकांनी हे मुलांना सांगावे. कारण पहिला नकार बहुधा घरापासून दूर, एकटे असताना मिळतो.

आणि जे गल्ल्यावर बसले आहेत, त्यांनी स्वतःकडेही पाहावे. कलम १५ मध्ये कोणत्याही समाजाचे नाव नाही. ज्याने आपल्या आजोबांना ओट्याखाली उभे केले, त्याचा नातू आपल्या दुकानी आला, तर त्याला तोच भाव, तेच माप आणि तीच खुर्ची मिळाली पाहिजे. दोन समाजांत तेढ वाढल्यावर ‘अमुक धर्माच्यांना माल देऊ नका’ अशी हाक येते, तेव्हा बडोद्याच्या जमावातील काठी आपल्या हाती तर आली नाही ना, हे तपासावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. तिची परीक्षा वंदनेच्या वेळी होत नाही, नकोशा माणसाने पैसे पुढे केल्यावर होते.

चिंतनासाठी प्रश्न

१. ‘काय विकावे’ आणि ‘कोणाला विकावे’ हा भेद आपल्या गावातील कोणत्या व्यवसायांना कसा लागू होईल?
२. भाड्याने खोली देणे हे घर मानावे की व्यवसाय? दोन्ही बाजूंची कारणे मांडा.
३. आपल्या श्रद्धेविरुद्धचा मजकूर आणि आपल्याला न आवडणारा माणूस, यांतील फरक कसा ओळखाल?
४. आपल्या व्यवसायात, नकळत का होईना, एखाद्यास वेगळी अट लावली जाते काय?